ओळखलेलं अक्षर

शाळेत त्यांना सगळे अक्षरबाई म्हणत. सव्वीस वर्षं त्या भाषा शिकवत होत्या आणि कुठलीही वही समोर आली की वरचं नाव न बघता ती कुणाची हे सांगत. उत्तरपत्रिकेवर नाव घालायला विसरलेलं पोर रडकुंडीला आलं, की स्टाफरूममधून कुणीतरी म्हणे, "रडतोस काय, अक्षरबाईंना दाखव." बाई चष्मा कपाळावर सरकवत, कागद डोळ्यांशी नेत आणि नाव सांगून मोकळ्या होत. घरी यजमान चेष्टा करत, "पोलिसांत गेली असतीस तर एव्हाना बढती मिळाली असती." बाईंना ते मनातून आवडे.

त्या वर्षी एका संस्थेनं शाळेतल्या सगळ्या शिक्षकांच्या प्रशिक्षणाला पैसे दिले. वर्गात प्रत्येक मुलाला सारखा मान कसा द्यायचा, आपल्याही नकळत कोण मागे पडतं ते कसं ओळखायचं, हे शिकवायला दर शनिवारी एक तरुण ताई येऊ लागल्या. पहिल्या दिवशी शिक्षकांनी नाकं मुरडली. "म्हणजे इतकी वर्षं आम्ही झोपा काढल्या?" व्यायामाचे सर म्हणाले. बाईही हसल्या. आपण तर सगळ्यांना सारखंच रागावतो, असं त्यांना वाटे.

सहामाहीनंतर ताईंनी व्हरांड्यात एक पत्र्याची पेटी बसवली. शाळेत कसं वाटतं, ते प्रत्येक मुलानं चिठ्ठीवर लिहायचं होतं. ताई वर्गावर्गांत जाऊन म्हणाल्या, "नाव घालू नका. या शाळेतलं कुणीही हे वाचणार नाही." सातवी ब मध्ये त्या हे सांगत होत्या, तेव्हा बाई शेजारीच उभ्या होत्या. मुलांनी खात्री करून घ्यायला बाईंकडे पाहिलं आणि बाईंनी मान डोलावली.

गुरुवारी मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावलं. बाई आत गेल्यावर सरांनी स्वतः उठून दार लावलं. टेबलावर ती पेटी होती. झाकण बाजूला काढलेलं आणि चारही स्क्रू बशीत नीट मांडून ठेवलेले.

"बसा बाई. पंखा लावू का?" सर हळू आवाजात म्हणाले आणि त्यांनी एक चिठ्ठी पुढे सरकवली. "हे कुणाचं?"

बाईंनी सवयीनं चष्मा वर केला. "हे होय? सातवी ब. ती शिवणकाम करणाऱ्या बाईंची मुलगी. तिच्या ळ ला अशीच गाठ पडते, किती गिरवून घेतलं मी."

बोलून झालं आणि मग त्यांनी मजकूर वाचला. *पाणी आणायला आणि फळा पुसायला नेहमी मागच्या बाकावरच्यांना उठवतात. उत्तर विचारायला नाही. बाई सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, तुझ्या वहीला मशीनच्या तेलाचा वास येतो. सगळी मुलं हसली. काळजात दुखलं.*

बाईंना तो दिवस आठवला. त्याही हसल्या होत्या. सरांनी चिठ्ठी अलगद त्यांच्या हातून काढून घेतली आणि खणात ठेवली.

"सर, तिला काही बोलू नका. चूक माझी आहे."

"छे हो. जरा समजावून सांगू. पुढच्या वर्षीचे पैसे याच चिठ्ठ्यांवर अवलंबून आहेत ना. तुमचं नाव कुठं येणार नाही."

शनिवारी त्या मुलीची आई सरांच्या खोलीत दिसली. खुर्चीच्या कडेला टेकलेली, गळ्यात मापाची फीत तशीच. सोमवारी हजेरीपटावर मुलीच्या नावावर पट्टीनं ओढलेली रेघ होती. पालकांनी स्वखुशीनं दाखला नेला, असं कारकुनानं सांगितलं. वर्गात कुणीच तिच्याबद्दल विचारलं नाही. तिच्या बाकावरही कुणी बसलं नाही.

संध्याकाळी बाई तिच्या घरी गेल्या. आतलं मशीन थांबलं. आईनं दार अर्धंच उघडलं.

"मला तिच्याशी बोलायचं होतं," बाई म्हणाल्या. "माफी मागायची होती."

"सरांनी सांगितलं आम्हाला, चिठ्ठी कुणी ओळखली ते. तिचा विश्वास नाही बसला, बाई. दोनदा विचारलं तिनं मला, नक्की आमच्याच बाई का म्हणून."

दार लागलं. थोड्या वेळानं मशीन पुन्हा सुरू झालं.

वार्षिक परीक्षेआधी पेटी दुसऱ्यांदा भरली. सरांनी पुन्हा बाईंना बोलावलं आणि या वेळी हसून सगळा गठ्ठाच पुढे केला. *शाळा चांगली आहे. सगळे शिक्षक सारखं वागवतात.* प्रत्येक चिठ्ठीत हेच. कोपऱ्यात वर्ग लिहिलेला होता, त्यावरून सातवी ब च्या चिठ्ठ्या निवडून बाईंनी एकेक करून डोळ्यांशी नेल्या. गोल, सुटं, छापल्यासारखं अक्षर. कुणाचं म्हणून कुणाचं ओळखू येईना.

"बघा, प्रशिक्षणाचा गुण," सर म्हणाले.

बाईंनी चिठ्ठ्या रचून गठ्ठा परत सरकवला. बारा-तेरा वर्षांची पोरं आपसांत ठरवून हे शिकली होती, आणि कुणाच्या भीतीनं ते बाईंना माहीत होतं.

शनिवारी त्यांनी ताईंना एका बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ताई म्हणाल्या, "मला हे अहवालात लिहावं लागेल. पैसे थांबतील आणि त्याबरोबर प्रशिक्षणही."

"लिहा. माझ्या नावासकट लिहा."

पैसे थांबले. चौकशीला दोन माणसं आली, चहा घेऊन गेली. खणातली चिठ्ठी त्यांना सापडली नाही. सर त्याच खुर्चीत राहिले. व्हरांड्यातली पेटी निघाली, तिच्या जागी भिंतीला चार भोकं उरली. बाई स्टाफरूममध्ये शिरल्या, की बोलणी तुटत. व्यायामाचे सर तेवढे एकदा म्हणाले, "बाई, शनिवारचे वर्ग चांगले चालले होते. आता कुठं मला काही उमगायला लागलं होतं."

नव्या वर्षी तीच मुलं आठवीत आली. बाई आता मागच्या बाकांपासून प्रश्न विचारत. मुलं उभी राहत, बरोबर उत्तर देत, बसत. निबंधाच्या वह्या आल्या, तर त्यांतही तेच गोल, सुटं अक्षर. बाई म्हणाल्या, "आपापल्या अक्षरात लिहा ना. मी कुणाला काही सांगणार नाही."

पुढच्या बाकावरची एक मुलगी अदबीनं उठली. "बाई, आमचं अक्षर असंच आहे."

बाईंनी आणखी तीन वर्षं नोकरी केली. ती मुलगी पुन्हा कुठल्याच शाळेत गेली नाही, आईशेजारी दुसऱ्या मशीनवर बसते, असं त्यांच्या कानावर आलं. बाई दोनदा त्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेल्या. दोन मशीनांचा आवाज तिथंवर येत होता. तो ऐकत त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि परत फिरल्या.