कापडातून निघालेली लाल माती

भूत, करणी, बाहेरचं — यातलं मी काही मानत नाही. केमिस्ट्रीत बी.एस्सी. केलंय, आमच्या खानदानात कॉलेज संपवणारा मी पहिला... म्हणून हे लिहायला आणखीच जड जातंय.

सुरतजवळच्या सचिन गावात एका प्रिंटिंग मिलच्या लॅबमध्ये मी रंगाचा पक्केपणा तपासतो. गेल्या वर्षी आफ्रिकेची ऑर्डर आली — लष्करी छापाचं कापड. शेठ म्हणाले, "सरकारी फौज नथी, भाई. जे पैसा आपे, एना माटे लढे." म्हणजे भाडोत्री सैनिक. मी म्हटलं, आपल्याला काय, माल जाऊ दे.

छाप हिरवा, काळा, खाकी. लाल रंगाचा थेंब नाही. एक तुकडा सुरतेत लिंबायतला घरी नेला, आईला पिशव्या शिवायला. तिने तो बादलीत बुडवला आणि ओरडली, "हाई देख रे भाऊ, पानी लाल व्हई गयं!"

अप्पा, म्हणजे माझे वडील, नुकतेच लूमवरची पाळी संपवून आलेले. चहा पिता पिता हसले, "बी.एस्सी.ना रंग कच्चा शे!"

मला झोंबलं. बादली घासली, नवं पाणी घेतलं, स्वतः धुतलं. पुन्हा लाल. आणि तो रंग नव्हताच — माती होती. बोटांना कचकचत होती. तोच तुकडा लॅबमध्ये धुतला... पाणी नितळ. घरी आणला, पुन्हा माती.

त्याच आठवड्यात शेठनी मोबाइलवर व्हिडिओ पाठवला, "जो, आपणो माल!" — बघ, आपला माल. आमच्या छापाचे कपडे घातलेली माणसं बंदुका घेऊन चाललेली, मागे घरं जळतायत. मी तो अप्पांपुढे धरला — बघा, रंग कसा टिकलाय! कच्चा म्हणत होतात ना?

आई मागून वाकून बघत होती. "ज्यासना घर जई ऱ्हायनात, त्या कोन शेतस रे?"

ज्यांची घरं जळतायत ते कोण, असं ती विचारत होती; मी व्हिडिओ पुढे सरकवू लागलो. तिने व्हिडिओतल्या रस्त्यावर बोट ठेवलं. लाल माती. हुबेहूब आमच्या बादलीतली.

दुसऱ्या दिवशी त्याच मालाची दुप्पट ऑर्डर आली. लॅबची सही माझी लागते. नाही म्हटलं असतं तर नोकरी गेली असती, असं मी स्वतःला सांगतो — पण मी नाही म्हणून पाहिलंच नाही. सही केली. संध्याकाळी आईने भाकरी वाढली. माझी मान वर झाली नाही.

ती माती कुठून येत होती, ते मी खूप शोधलं. पाणी, साबण, बादली, सगळं तपासलं... अजून कळलेलं नाही. ती घरं कोणाची होती, ते मात्र मी शोधलंसुद्धा नाही.