कासव येण्याआधी

लातूरच्या भुजंगरावांना कुठलीही गोष्ट तयारीशिवाय जमायची नाही. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला हा गृहस्थ लग्नाला निघाला, तरी परतीच्या एसटीची चौकशी आधी करणार. या स्वभावापुढं सिंधुताईंनी केव्हाच हात टेकले होते. त्यांचं दुखणं वेगळंच होतं. नवरा घरात झोपत नव्हता.

त्र्याण्णवच्या भूकंपात भुजंगरावांची थोरली बहीण किल्लारीकडच्या गावात घराच्या मातीच्या माळवदाखाली गाडली गेली. ती सकाळ त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आणि तेव्हापासून रात्री डोक्यावर पत्र्याशिवाय दुसरं काही चालेना. पुढं नवं घर बांधलं, त्यात सळया इतक्या घातल्या की गवंड्यानं विचारलं, "साहेब, धरण बांधायलाव का?" तरी बाज मात्र अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्येच. सुरुवातीला सगळी गल्लीच बाहेर झोपायची, तेव्हा त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. मग एकेक जण आत गेला, शिकवण्यांचा सुकाळ झाला, शेडच्या जागी विद्यार्थ्यांच्या खोल्या उठल्या आणि अख्ख्या गल्लीत बाहेर झोपणारा हा एकच माणूस उरला. सिंधुताई आधी हट्टानं आणि नंतर सवयीनं आत झोपत राहिल्या. कधीतरी कंटाळून हे येतीलच आत, असं त्यांना अकरा वर्षं वाटत होतं.

अशात नांदेडहून त्यांचा भाचा वरद आला. नोकरीसाठी परदेशी निघाला होता आणि त्याला त्याचं पाळीव कासव कुणाला तरी द्यायचं होतं.

"मावशी, तुमच्याकडं अंगण हाय. ठेवता का?"

सिंधुताई हो म्हणणार, तोच भुजंगराव म्हणाले, "थांब. आधी तयारी."

झालं! आपल्याकडची कासवं पाळायला बंदी असते, म्हणून आधी वनखात्याची पायरी चढून आले. हे परदेशी जातीचं आहे, पाळायला हरकत नाही, असं कागदांवरून कळलं तेव्हा कुठं त्यांचा जीव भांड्यात पडला. मग जनावरांच्या डॉक्टरांचं डोकं खाल्लं. कासव माती उकरतं म्हणून अंगणातलं कुंपण वीतभर जमिनीत गाडलं. जास्वंद लावली, तुतीची फांदी खोवली. वरच्या मजल्यावर बारावीच्या शिकवणीसाठी तीन मुली राहायच्या, त्यांना ‘कासवाला दूध-पोळी अजिबात द्यायची नाही’ असा दम भरला. हा जीव आपल्यामागंही जगणार, म्हणून पुण्याच्या मुलाकडून, दयानंदकडून, फोनवर ते सांभाळायचा शब्द घेतला. दयानंदच्या बारशालासुद्धा एवढी धावपळ झाली नव्हती.

राहता राहिली रात्रीची जागा. भुजंगरावांनी शेड ठरवली होती, पण डॉक्टर म्हणाले, "पत्र्याखाली नको. उन्हाळ्यात भाजून निघेल, हिवाळ्यात गारठेल. घरात ठेवा."

त्या दिवसापासून भुजंगरावांचं जेवणातही लक्ष लागेना. आता काही कासव येत नाही, असं सिंधुताईंनी मनाशी धरलं.

आणि एका दुपारी त्या पुढच्या खोलीत आल्या, तर भुजंगराव भलामोठा लाल भोपळा पोटाशी धरून दाराकडं पळत होते. वरच्या तिघींतली मृण्मयी जिन्यात उभी राहून तोंडावर ओढणी धरून हसत होती.

"अहो, हे काय करायलाव?"

"सराव," भुजंगराव धापा टाकत म्हणाले. "पोरींचं ठीक हाय. हादरा बसला की त्या पळतील, तसं शिकवलंय मी त्यांना. कासव कसं पळंल? कुणीतरी उचलाया पाहिजे. म्हून आजपासून मी हितं झोपणार, त्याच्या जागेपाशी. ते यायच्या आधी सवय व्हाया पाहिजे."

इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली, ते समोर घडत होतं. देव पावला म्हणून सिंधुताईंनी गप्प बसायला हवं होतं. हसूही येत होतं, पण त्याच्या आधी राग आला आणि डोळे भरले.

"अन् मी? माझे गुडघे गेलेत. जिना चढता येत न्हाई मला. मी कशी पळणार होते? मला कोण उचलणार होतं?"

भुजंगराव भोपळा घेऊन तसेच उभे राहिले. मृण्मयी हळूच वर निघून गेली.

"मी तुला बाहेर झोपाया ये म्हणलो होतो," ते कसंबसं म्हणाले.

"अकरा वर्षांमागं म्हणलाव. तवा माझे गुडघे धड होते."

एवढा तयारीचा माणूस, पण ही गोष्ट भुजंगरावांच्या डोक्यातच आली नव्हती. त्यांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी भोपळा खाली ठेवला आणि शेडकडं गेले. संध्याकाळी बाज ओढत एकट्यानं आत आणली, पुढच्या खोलीत न थांबता तशीच मागं नेली आणि सिंधुताईंच्या पलंगाला खेटून लावली. मग पलंगापासून दारापर्यंतची वाट मोकळी करायला लागले. शिलाई मशीन सरकवलं, पाट उचलले.

"अन् कासव?" सिंधुताईंनी विचारलं.

"त्याची पेटी बी हितंच, पायथ्याशी. आधी तुला बाहेर नेतो. मंग त्याच्यासाठी परत येतो."

"परत बिरत यायचं न्हाई आत," सिंधुताई म्हणाल्या. "कासव माझ्या हातात द्या, अन् मला उचला."