वाहिनीनं कापलेला शेजार

लातूरला आमच्या गल्लीत गाद्या भरणारे एक चाचा आहेत. त्यांच्या भुवयांवर कायम कापसाचे तंतू असतात. रोज सकाळी हॉटेलच्या बाकावर माझ्या शेजारी बसून ते पुढाऱ्यांची नक्कल करायचे. आम्ही पोट धरून हसायचो, ते मात्र गंभीर. "सगळ्यांचंच ऐकायलोय, गुरुजी," म्हणायचे.

निवडणुकीच्या तोंडावर एका वाहिनीनं आम्हा दोघांना त्याच बाकावर बोलतं केलं. संध्याकाळच्या बातमीत मात्र एकट्या चाचांची टोपी अन् दाढी दिसली. मागं भीती घालणारं संगीत आणि खाली प्रश्न, 'यांची मतं कुणाला?' मी कुठंच नव्हतो.

दुसऱ्या दिवशी चाचा बाक सोडून हॉटेलात आत जाऊन भिंतीकडं तोंड करून बसले. मी बोलावलं.

"न्हाई गुरुजी. मला दाखिवलं त्याचं काय न्हाई. तुमाला का कापलं?"

निकाल लागून गेला. अजूनही चाचा भेटले की सलाम करतात, तब्येत विचारतात, पण शेजारी बसत नाहीत. परवा मी घरातली चांगली गादी त्यांच्या दुकानात नेली.

"हिला काय झालंय?"

"काही न्हाई. सावकाश भरा, चाचा. मी बसतो तोवर."