प्रलंबित गोल

काल जठारपेठेत पंक्चरच्या दुकानापाशी उभा असता रबराच्या सोल्युशनचा वास नाकात शिरला आणि आमचा ठिगळे लावलेला फुटबॉल डोळ्यांपुढे आला.

कोर्टकचेरीमागच्या मोकळ्या जागेत आम्ही चाळिशीतले गडी दर रविवारी खेळत असू. कारकून, शिपाई, चहावाले भास्करभाऊ आणि लोकांचे अर्ज लिहून देणारा अर्जनवीस या नात्याने मी. गोलाचे खांब म्हणजे आमच्याच चपलांचे ढीग. वाद झाल्यास दोन्ही पक्षांचे ऐकून निकाल मीच देई, कारण माझ्या शब्दाला तेथे वजन होते.

त्या सायंकाळी बरोबरी चालली होती. भास्करभाऊंनी चेंडू मारला आणि मी सवयीने हात उंचावून गरजलो, "हरकत आहे!" सारी कचेरीतलीच माणसे, जागच्या जागी थबकली. चेंडू तेवढा सावकाश चपलांमधून पार गेला.

"गोल झाला ना जी!" भास्करभाऊ ओरडले. "आता काय चेंडूले समन्स धाडता?"

हसून हसून आम्ही धुळीत बसलो. मी गंभीरपणे म्हणालो, "निकाल पुढील रविवारी."

त्याच आठवड्यात जागेला तारेचे कुंपण पडले. जागा परत मिळावी म्हणून मी निवडक शब्दांत अर्जांवर अर्ज केले. एकाचेही उत्तर आले नाही. पुढे कधीही भेटले, की भास्करभाऊ विचारीत, "साहेब, माह्या गोलाचं काय झालं?"

"मैदान मिळू द्या, तेथेच सांगतो," असे मी म्हणे.

गेल्या वर्षी ते वारले. कुंपणाआड आता इमारत आहे. तो गोल होता, असा माझा निकाल आहे. परंतु तो ऐकून घेणारे कोणी उरलेले नाही.