आबांची ताकदीची सुई

साक्री तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात मी नर्स होते. माझ्या वहीत प्रत्येक कामाची यादी असे: लसीची मुलं, गरोदर बायका, क्षयाचे पेशंट. शेवटच्या पानावर एकच नाव होतं, आबांचं. अल्सरमुळे धुळ्याला त्यांचं जवळजवळ सगळं जठर काढून टाकलं होतं. डिस्चार्ज कार्डावर एवढंच लिहिलेलं: थोडं थोडं, सहा वेळा जेवण, दर महिन्याला बी-बाराचं इंजेक्शन, जन्मभर.

जठर नसलं की अन्नातलं बी-बारा अंगी लागत नाही, म्हणून जन्मभर; पण हे समजावत बसायला मला वेळ नव्हता. "ताकदीची सुई आहे, चुकवायची नाही," मी सांगून टाकलं.

"जन्मभर? मंग ते मी म्हातारपनमा कुस्ती खेयसू!" आबा म्हणाले.

पहिलं वर्ष ते दर महिन्याला आले. पण गाव लांब, एसटी दिवसातून एकच. म्हणून मी सहा महिन्यांची इंजेक्शनं एकदम द्यायला लागले. गावातला कंपाउंडर टोचणार होता. सहा दिली की वहीत सहा खुणा. पुढची तीन वर्षं त्या ओळीत एकही रकाना रिकामा नाही.

मग एका बाजारच्या दिवशी आबा भिंत धरत धरत आले. एका पायात चप्पल नव्हती, आणि ती गळून पडल्याचं त्यांना कळलंही नव्हतं.

"काय आबा, सकायमाच दारू टाकी उनात का?" बाकावरचा एक जण म्हणाला. सगळे हसले. मीही हसले. दारूला कधी न शिवलेला माणूस तो.

तळव्याला टाचणी लावली, कळेना. डोळे मिटून उभं राहायला सांगितलं, तर कोसळले. तेव्हा कुठे मी विचारलं, "सुया घेताय ना, आबा?"

भिंतीला टेकून बसत आबा म्हणाले, "पोरले दिधात, ताई. लागोपाठ दोन बाळंतपनं. तिनामा ताकदच नव्हती. माले कसाले? मी ते बरा शे."

घरातलं तूप, डिंकाचे लाडू बाळंतिणीसाठी राखतात. त्यांनी सुयाही राखल्या. 'ही चुकली तर पाय जातील' एवढं एक वाक्य मी कधी बोललेच नव्हते.

धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. त्यानंतर मी स्वतः घरी जाऊन टोचू लागले. रक्त वाढलं, लाल झालेली जीभ बरी झाली. पायांची जाणीव परत आली नाही. शेतात जाणं संपलं. खाटेवरून उतरताना आबा खाली बघत, पावलं जमिनीला टेकली का ते पाहायला.

त्यांनी माझ्याकडे एकच मागितलं, "पोरले सांगू नका."

दिवाळीला त्यांची लेक माहेरी आली होती, धाकटं कडेवर. मी आबांची सुई भरत होते. ती औषध ओळखून म्हणाली, "ताई, हाई सुई आबाले बी पहिलेच दिधी राहती ते! माले कितली मानवनी."

आबांनी माझ्याकडे पाहिलं.

"हो गं, द्यायला हवी होती," मी म्हणाले, आणि त्यांचा दंड पुसायला घेतला.