कूलरची वेबसाइट आणि बाबांचं ‘मले’

शहराबाहेरच्या वाडी भागात, एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात मी सहा वर्षं मालाच्या बिल्ट्या, म्हणजे ट्रकसोबत जायच्या पावत्या, टाइप केल्या. बाबा स्टुलावरून पडले तेव्हा त्यांच्यासाठी रजा घेतली, आणि रजा संपत आली तसं लक्षात आलं की मला तिथे परत जायचंच नाही. साहेबांनी जून लागेपर्यंत खुर्ची राखून ठेवतो म्हटलं होतं. तोवर घरबसल्या काही उभं राहिलं तर ठीक, नाहीतर पुन्हा ट्रकांची धूळ. मी ठरवलं, जायचं नाही. एकदा ठरवलं की मी कुणाचं ऐकत नाही. हा गुण की अवगुण, यावर घरात अजून एकमत नाही.

बाबा म्हणजे आमच्या नंदनवन वस्तीतले जुने कूलर मिस्त्री. खिडकीबाहेरच्या लोखंडी स्टँडवर चढून चढून त्यांनी अर्धी वस्ती गार केली होती. कंबर दुखावल्यावर चढणं थांबलं, फोन मात्र थांबला नाही. पलंगावर पडल्यापडल्या ते लोकांना सांगत राहायचे, कूलरच्या बाजूच्या ताटीत गवत किती भरायचं, टिल्लू पंप पाणी का चढवत नाही. रोज तेच प्रश्न, तीच उत्तरं. ते ऐकताना मला सुचलं की फक्त कूलरची, फक्त मराठीत, अशी एक छोटीशी वेबसाइट काढावी. वाचक आले तर जाहिराती लागतील, आणि जाहिराती लागल्या तर वाडीची नोकरी सुटेल.

हाताशी होतं काय? बॅटरी मेलेला लॅपटॉप. चार्जरची वायर जरा हलली की तो डोळे मिटायचा, म्हणून मी ती वायर बाबांच्या औषधाच्या डब्याखाली दाबून ठेवायचे. वेबसाइटचं नाव वर्षभरापुरतं घेतलं, इंटरनेटवरची जागा मिळेल तितकी स्वस्त, साचा फुकटातला. फोटो शेजारच्या काकूंच्या कूलरचे, मागे आमचीच पांढरी चादर धरून. चादर काकूंनी धरली होती आणि एका फोटोत त्यांच्या बांगड्या दिसतात. तो फोटो मी अजून बदललेला नाही.

मग मी लिहायला बसले आणि तिथेच माती खाल्ली. बाबा फोनवर जे बोलत ते ऐकायचं आणि ‘शुद्ध’ करून लिहायचं, असा माझा कारभार. कूलरचा जलशीतक झाला, ताटीची तृणपट्टी झाली, टिल्लू पंप तर जलोपसा यंत्र. पहिला लेख मी बाबांना मोठ्या अभिमानाने वाचायला दिला. चष्मा वर-खाली करून त्यांनी तो अखेरपर्यंत वाचला आणि शांतपणे विचारलं, “हे कोन्त्या मशीनचं आहे वं?”

मला राग आला. एप्रिल सरला तरी वेबसाइटवर दिवसाला चार-पाचच जण यायचे, त्यातली एक मी आणि एक काकू. तरी मी रोज एक लेख लिहीतच होते. पालथ्या घड्यावर पाणी, पण धार सोडायची नाही असा माझा हट्ट.

लोक काय शोधत आपल्यापर्यंत येतात ते दाखवणारी एक फुकट सोय असते. मे महिन्यातल्या एका दुपारी मी तिथली यादी उघडली. कुणीतरी लिहिलं होतं, ‘कूलर मधून वास काहून येते’. दुसऱ्याने, ‘टिल्लू पंप पाणी फेकून नाही राहिला’. असे कितीतरी. माझ्या लेखांमध्ये यातला एक शब्द नव्हता, म्हणून माझं पान पार तळाशी दिसायचं आणि त्यावर कुणी बोट ठेवायचं नाही. जलशीतक तर साऱ्या जगात एकानेही शोधला नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. कळसा शेजारच्या पलंगावर झोपला होता.

संध्याकाळी मी बाबांसमोर फोन धरला. म्हटलं, लोकांना सांगता तसंच सांगा, मी रेकॉर्ड करते आणि तसंच्या तसं लिहिते. बाबा उशीला टेकून बसले, घसा साफ केला आणि सुरू झाले, “नमस्कार. मला असे सांगायचे आहे की सर्वप्रथम आपण विद्युतप्रवाह बंद करावा.” शाळेत पाहुण्यांसमोर उभं केल्यासारखे. कपाळावर घाम. मी थांबवलं, पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच.

“बाबा, असं नाही. मले म्हणा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तूच तं सांगे ना, लोकाइपुढं मले नोको म्हनू म्हनून.”

खरं होतं. शाळेत वर्गासमोर मी ‘मले’ म्हणाले आणि सगळे हसले, त्या दिवसापासून मी घरातल्या सगळ्यांना सुधारायला घेतलं होतं. माझ्या मैत्रिणी आल्या की बाबा आत जाऊन बसायचे. मला वाटायचं, त्यांना गर्दी आवडत नाही. मला इतकी लाज वाटली की फोन हातातून खाली ठेवला. म्हटलं, चुकलं माझं, बाबा. त्यांनी पाणी मागितलं, प्यायले, आणि मग स्वतःच फोनकडे बोट दाखवून म्हणाले, चालू कर.

“आधी पिन काढा, मंग पान्यात हात घाला. घाई करू नोका. नवी ताटी असन तं पयले नुसता पंप चालवा, पंखा नाही. ताटी भिजली का मंग पंखा. वास कायले येते मंग?”

त्या आठवड्यात मी सगळे जुने लेख पुसले आणि बाबांच्या तोंडून नव्याने लिहिले. एकही शब्द शुद्ध केला नाही. ‘आधी पिन काढा’ ही ओळ प्रत्येक पानाच्या डोक्यावर ठेवली. चार-पाचाचे चाळीस झाले, मग मोजायचं मी सोडलं. अमरावतीकडच्या एका बाईंनी लिहिलं की तुमचे बाबा आमच्या घरच्यावानीच बोलतात, सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते बाबांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. जाहिरातींचं म्हणाल तर मिळकत पगाराच्या जवळपासही नव्हती. पण वेबसाइटच्या नावाचा पुढच्या वर्षाचा खर्च त्यातून निघणार होता, आणि मला तेवढं पुरे होतं.

जून लागला आणि साहेबांचा फोन आला. खुर्ची रिकामी आहे, सोमवारपासून या म्हणाले. बाबा बाजूलाच फुटका पंप खोलून बसले होते, फोटोसाठी. गोदामात सहा वर्षं मी जपून जपून बोलले होते. आता तोंडातून जे आलं ते तसंच आलं.

“नाही येऊन राहिली, सर. मले घरी काम आहे.”

फोन ठेवला. बाबांनी मान वर केली नाही, पेचकस फिरवत राहिले.

“मला म्हनावं,” ते म्हणाले. “ऑफिसचा फोन होता वं.”