दोन्ही बाजूंनी मुंबई

बाळांनो, गिरगावातल्या आमच्या चाळीत शेजारच्या खोलीत एक वहिनी राहत. बोलता बोलता त्यांचं बोट परातीतल्या पिठात चित्रं काढत असे. कुणी शंका काढली की म्हणत, "करून तर बघू!"

मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र मागणारे मोर्चे तेव्हा सारखे निघत. चाळीचा आकाशकंदील दरवर्षी पुरुष करायचे. त्या दिवाळीत वहिनींनी पिठात महाराष्ट्राचा नकाशा काढला आणि म्हणाल्या, "यंदा कंदील माझा."

कामट्यांवर पातळ कागद ताणून त्यांनी नकाशा रंगवला, मुंबईला लाल ठिपका दिला. गॅलरीतून तो सुरेख दिसला. रस्त्यावर उभ्या चाळीतल्या पुरुषांत मात्र हशा उठला.

"वहिनी, मुंबई नागपूरच्या पलीकडे नेलीत की! उद्या आमची नेहमीची चांदणीच लावू."

दिव्याच्या उजेडात नकाशा मागून आरशातल्यासारखा उलटा दिसत होता. वहिनी खाली जाऊन रस्त्यात उभ्या राहिल्या, वर बघत राहिल्या.

"मी आपल्याच बाजूनं बघत होते गो," वर येऊन मला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चौकोनी पेटीसारखा कंदील केला. एक नकाशा गॅलरीकडे, दुसरा रस्त्याकडे, मध्ये दिवा. संध्याकाळी मला बटण दाबायला सांगून त्या पुन्हा रस्त्यात गेल्या.

"तुझ्याकडून मुंबई कुठे गो?" त्यांनी खालून ओरडून विचारलं.

"डावीकडे!"

"माझ्याकडूनही डावीकडेच!"

चांदणी घेऊन आलेल्या पुरुषांनी ती खाली ठेवली आणि सगळ्यांआधी टाळ्या वाजवल्या.